वलंदेजांचा देश : तेथें शिकावयास व पाहावयास जाणारांसाठीं कांहीं माहिती

अलीकडे आपल्या मंडळाच्या सभासदांच्या घरांतून एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो. मुलगा शेतकीचा पदवीधर झाला, आतां हॉलंडला जावयाचें म्हणतो, पाठवावा कीं नाहीं? कांहीं घरीं मुलाच्या जागीं मुलगी असते, प्रश्न तोच. ज्यांच्या घरचें कोणी शिकावयास जावयाचें नाहीं असे बागायतदारही द्राक्षें, फुलें किंवा दुभतीं जनावरें यांच्या निमित्तानें त्या देशाची दहा दिवसांची फेरी करून यावी असें मनांत आणतात. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. पूर्वीं जमीन विकल्याची नोंद मंजुरीस आली म्हणजे तिच्यामागें लग्न, आजार किंवा कोर्टकज्जा यांपैकीं एखादें कारण असे. अलीकडे मुलांचें परदेशीं शिक्षण हें कारणही त्यांत येऊन बसलें आहे. फेरफाराच्या नोंदींत तें लिहीत नाहींत, परंतु चावडींत सर्वांस ठाऊक असतें. ज्या देशासाठीं जमिनीस हात घालावयाचा तो देश आहे तरी कसा, तेथें शिकण्यासारखें नेमकें काय आहे, व त्यास खर्च किती येतो, हें अगोदर समजून घेणें इष्ट होय.

देशाची ओळख

या देशाचें खरें नांव नेदरलंड्स, म्हणजे सखल मुलूख. हॉलंड हें त्यांतील एका भागाचें नांव असून तें बोलण्यांत सबंध देशास लागूं झालें आहे. आपल्या जुन्या कागदपत्रांत या लोकांस वलंदेज म्हटलें आहे. त्यांनीं १६३७ सालीं वेंगुर्ल्यास वखार घातली. तिचे भग्नावशेष आजही तेथें पाहावयास मिळतात. देशाच्या पूर्वेस जर्मनी, दक्षिणेस बेल्जम, आणि उत्तरेस व पश्चिमेस समुद्र. क्षेत्रफळ पाण्यासह सुमारें ४१,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाहूनही कमी. एवढ्या जागेंत १ कोटि ८० लाख माणसें राहतात. प्रांत १२ आहेत. राजधानी आम्स्टरडॅम, परंतु सरकारी कचेऱ्या व कायदेमंडळ हेग शहरीं. गादीवर २०१३ पासून राजे विल्यम अलेक्झांडर आहेत. कारभार मात्र लोकनियुक्त मंत्रिमंडळ पाहतें. नाणें युरो. भाषा डच, उत्तरेकडील फ्रीसलंड प्रांतांत फ्रिजियन भाषाही चालते. आपल्या गोठ्यांतील होलस्टीन फ्रिजियन गाईच्या नांवाचा उत्तरार्ध याच फ्रीसलंडवरून आला आहे.

पाऊस वर्षास सरासरी ८०० मिलिमीटरांच्या वर, पण आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून जाणारा नव्हे. बाराही महिने थोडा थोडा पडतो. हिंवाळ्यांत दुपारीं साडेचार वाजतां अंधार होतो व जून महिन्यांत रात्रीं दहापर्यंत उजेड राहतो.

समुद्राकडून घेतलेली जमीन

देशाचा सुमारें चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खालीं आहे. आपण विहिरींतून पाणी वर काढून जमिनीस देतों. ते लोक जमिनींतून पाणी वर काढून नदींत व समुद्रांत सोडतात. भोंवतीं बांध घालून व आंतील पाणी उपसून जी जमीन कोरडी करितात तीस पोल्डर म्हणतात. बेमस्टर नांवाचें तळें १६१२ सालीं पवनचक्क्यांनीं उपसून शेतीखालीं आणिलें. तेथील शेती आजतागायत चालूं आहे. पुढें वाफेचीं यंत्रें आलीं, मग तेलाचीं व विजेचीं. लेमर गांवीं १९२० सालीं बांधलेलें वाफेचें उपसाकेंद्र पाणी फार चढलें म्हणजे अद्यापि चालवितात.

१९१६ सालीं झाउडरझे नांवाच्या उपसागराचें पाणी गांवांत शिरून मोठें नुकसान झालें. तेव्हां कॉर्नेलिस लेली या इंजिनियरानें पूर्वींच आंखून ठेविलेली योजना १९१८ सालीं कायदा करून हातीं घेण्यांत आली. १९३२ सालीं सुमारें ३२ किलोमीटर लांबीचा बांध पुरा झाला व खाऱ्या उपसागराचें गोडें सरोवर बनलें. त्या सरोवरांत एकामागून एक पोल्डर काढले. त्यांपैकीं मोठे तीन मिळून १९८६ सालीं फ्लेवोलंड हा बारावा प्रांत झाला. शंभर वर्षांपूर्वीं ज्या जागीं जाळीं टाकीत त्या जागीं आज बटाटा, कांदा व साखरेचें बीट पिकतें.

१९५३ च्या जानेवारीची शेवटची रात्र उलटतां उलटतां नैर्ऋत्येकडील बांध वादळांत फुटले आणि १,८३६ माणसें बुडून मेलीं. त्यानंतर खाड्यांच्या मुखाशीं मोठीं बांधकामें झालीं. त्यांतील झडपांचा प्रचंड बांध १९८६ सालीं व रॉटरडॅम बंदराजवळील फिरते दरवाजे १९९७ सालीं कामास लागले. झडपांचा बांध मूळ योजनेंत कायमचा बंद असावयाचा होता. परंतु खाडीचें खारें पाणी अडलें तर मासे व कालवें मरतील अशी कोळ्यांनीं व इतर लोकांनीं हरकत घेतली, आणि सरकारनें जास्त खर्च सोसून तो उघडझाप करणारा केला.

पाणीमंडळें

वरील कामें पाहून आपला मनुष्य म्हणतो कीं, श्रीमंत देश आहे, सरकारनें केलें. ही समजूत अर्धीच खरी आहे. मोठे समुद्रबांध सरकारचे. परंतु गांवोगांवचे चर, पाट, लहान बांध व उपसायंत्रें पाणीमंडळांकडे असतात, आणि हीं मंडळें आजच्या राज्यसंस्थेहूनही जुनीं आहेत. लायडन शहराजवळील राइनलंड मंडळाचें अस्तित्व तेराव्या शतकापासून कागदोपत्रीं दिसतें. १९५० च्या सुमारास अशीं सुमारें अडीच हजार लहान-मोठीं मंडळें होतीं. एकत्रीकरण होत होत आतां २१ उरलीं आहेत. प्रत्येक मंडळाची निवडणूक दर चार वर्षांनीं होते. मंडळ आपला कर आपण बसवितें व वसूल करितें. गांवकरी घरावर देतो, शेतकरी हेक्टरावर देतो. ज्याचें हित त्यानें पैसा द्यावा, व ज्यानें पैसा दिला त्यास बोलण्याचा अधिकार असावा, हें तेथील मूळ सूत्र.

या करामागील शिस्त महसुली माणसाच्या ध्यानांत चटकन भरते. प्रत्येक जमीनमालकानें आपल्या हद्दींतील चर ठराविक मुदतींत साफ केला पाहिजे. मुदत संपली कीं मंडळाचे लोक पाहणीस निघतात. चर तुंबलेला आढळला तर काम करवून घेऊन खर्च मालकाच्या माथीं मारितात. जुन्या काळीं रिवाज याहून कडक होता. बांधाचा आपला हिस्सा राखणें ज्यास झेपेना त्यानें आपलें फावडें बांधांत रोवून निघून जावें. जो तें फावडें उपटील त्याची ती जमीन, आणि बांधाचें ओझेंही त्याचेंच.

आपल्याकडे अशी रीत नव्हती असें मात्र कोणी समजूं नये. खानदेशांत पांझरा नदीच्या कांठीं फड पद्धति शतकानुशतकें चालली. फडांतील पीक ठरवून घेणें, पाटकऱ्यास नेमणें व पाट वर्षास साफ करणें हीं कामें शेतकरीच करीत. नाशिक जिल्ह्यांत वाघाड धरणावर पाणीवापर संस्थांनीं आपल्या हातीं कारभार घेऊन दाखविला. महाराष्ट्रानें २००५ सालीं यासाठीं कायदाही केला. उणीव बुद्धीची नाहीं. चर साफ न करणाऱ्या शेजाऱ्यास, तो आपला भाऊबंद असला तरी, नियम लावण्याची संवय आपण कायम ठेविली नाहीं.

जमीन, तिची नोंद व तिची किंमत

जमिनीची मोजणी व नोंद ठेवणारें त्यांचें खातें १८३२ पासून सुरू आहे. तुकड्यांची अडचण त्यांसही होती. एका कुळाची जमीन दहा ठिकाणीं विखुरलेली, चाक जावयास वाट नाहीं, अशीच स्थिति होती. १९२४ सालीं त्यांनीं तुकडेजोडीचा कायदा केला व १९३८ आणि १९५४ सालीं तो सुधारला. मुंबई इलाख्याचा तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा १९४७ सालचा आहे. आपल्याकडे योजना गांवांत आली म्हणजे ती वरून आलेली असे. तेथें त्या गांवच्या मालकांचें मतदान घेत. अर्थात् तेंही निर्दोष नव्हतें. मतदानास न आलेल्याचें मत अनुकूल धरण्याची रीत होती, व तीवरून १९७१ सालीं ट्युबर्गन येथें दंगा उसळला.

आतां दुसरी बाजू पाहावी. १९५० सालीं त्या देशांत चार लाखांच्या वर शेतीधारक कुटुंबें होतीं. आज पन्नास हजारांच्या आसपास उरलीं आहेत. जमिनीची किंमत हेक्टरीं ७० ते ८० हजार युरोंच्या पुढें गेली आहे. एका युरोस सुमारें १०० रुपये धरले तर एकरीं तीस लाख रुपये किंवा अधिक पडतात. शेतकऱ्याचा मुलगा सुद्धां बापाची शेती भावंडांपासून विकत घेतां घेतां जन्माचा ऋणको होतो. तेथील टुमदार घर व मोठा ट्रॅक्टर पाहतांना त्यामागील बँकेचें खातेंही डोळ्यांपुढें असावें.

बाजार व सहकार

१८८७ सालीं ब्रूक ओप लांगेडाइक गांवीं भाजीचा लिलाव सुरू झाला. तोपर्यंत व्यापारी होडी अडवून मनास येईल तो भाव देत. या लिलावाची तऱ्हा आपल्या उलट आहे. भाव वरून खालीं उतरत येतो. ज्यास माल हवा त्यानें पहिल्यानें थांबवावा, त्याचा सौदा ठरला. पुढें यासाठीं मोठें घड्याळ आलें. सर्वांच्या डोळ्यांसमोर कांटा फिरतो. रुमालाखालीं बोटें दाबण्यास तेथें जागा उरत नाहीं. आम्स्टरडॅमजवळील आल्समेर येथील फुलांचा प्रचंड लिलाव फूलउत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे. अलीकडे पुष्कळसा व्यापार घड्याळाबाहेर थेट करारानें होतो, व खरेदीदार घरीं बसून संगणकावर बोली लावितात. तरी संस्था शेतकऱ्यांची ती शेतकऱ्यांचीच राहिली आहे.

राबोबँक ही त्यांची मोठी बँक १८९८ सालीं स्थापन झालेल्या दोन कृषिपतसंस्था-संघांच्या मिलाफानें १९७२ सालीं झाली. दूध, बीटसाखर व बटाटा यांतही सहकारी संस्था मोठ्या आहेत. प्रवरेच्या कांठीं ज्यांनीं सहकारी साखर कारखाना उभारला त्यांच्या मुलखास यांत अपरिचित असें कांहीं नाहीं.

कांचघरें, निर्यात आणि त्यांची किंमत

हेग शहराच्या दक्षिणेस वेस्टलंड भागांत मैलोगणती कांचघरें आहेत. तेथें मातीऐवजीं दगडाच्या लोंकरीच्या पट्ट्यांत टोमॅटो लावितात. खत पाण्यांतून देतात, आंत अंगाराम्ल वायु सोडतात, व परागीकरणास भुंगे ठेवितात. चांगल्या कांचघरांत एका चौरस मीटरास ७० किलोच्या आसपास टोमॅटो निघतो. हा आंकडा ऐकून आपल्याकडील तरुणांचे डोळे दिपतात. परंतु या कांचेखालीं स्वस्त ज्वलनवायूचा आधार होता. १९५९ सालीं ग्रोनिंगन प्रांतांत भूगर्भवायूचा मोठा सांठा सांपडला व तो जाळून कांचघरें तापवीत. वायु काढल्यानें तेथें भूकंपाचे धक्के बसूं लागले, घरांस तडे गेले. शेवटीं २०२४ सालीं तें क्षेत्र कायमचें बंद करण्यांत आलें. २०२२ सालीं युक्रेनच्या युद्धामुळें वायूचा भाव भडकला तेव्हां कित्येक कांचघरें त्या हिंवाळ्यांत रिकामीं राहिलीं. आपल्या उन्हांत त्यांचें कांचघर जसेंच्या तसें आणून बसविणें म्हणजे थंडीचा कोट वैशाखांत घालणें होय.

शेतमालाच्या निर्यातींत अमेरिकेच्या खालोखाल हा देश, असें नेहमीं सांगतात. तें किंमतीच्या हिशेबानें सांगितलेलें असतें. परंतु त्यांतील सुमारें एक-तृतीयांश माल दुसऱ्या देशांतून येऊन पुढें जाणारा असतो. नाशिकचीं द्राक्षें मुंबईच्या बंदरांतून रॉटरडॅमला उतरतात व तेथून पुढें युरोपभर वांटलीं जातात. २०१० च्या हंगामांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश आढळल्यानें आपला माल युरोपांत अडकला व बागायतदार हवालदिल झाले. त्यांच्या प्रयोगशाळेंत कोणता अंश किती मोजतात, व पुढील वर्षीं कोणता मोजूं लागतील, हें शिकून आलेला एक मुलगा तालुक्यास दहा कांचघरांइतका उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट. इतक्या लहान देशांत सदतीस-अडतीस लक्ष गुरें व एक कोटीच्या आसपास डुकरें आहेत. शेण-मूत्र जिरविण्यास जमीन पुरत नाहीं. त्यांतील अमोनिया उडून रानांत व माळांत पडतो, पाण्यांत नत्र मिसळतें. २०१९ च्या मे महिन्यांत तेथील वरिष्ठ न्यायसभेनें सरकारची परवाने देण्याची पद्धति रद्द ठरविली. मग गोठे कमी करण्याची भाषा सुरू झाली व ऑक्टोबरांत शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगवर चालून गेले. २०२३ च्या प्रांतिक निवडणुकींत शेतकऱ्यांच्या बाजूनें उभ्या राहिलेल्या नव्या पक्षानें सर्वांहून अधिक जागा जिंकल्या. हा वाद मिटलेला नाहीं. विद्यार्थ्यानें तेथें जाऊन जसें यश पाहावें तसा हा गुंताही पाहावा. कारण युरिया आपणही सढळ हातानें टाकीत आहों.

शिक्षणसंस्था

शेतकीचें मुख्य विद्यापीठ ऱ्हाइन नदीच्या कांठीं वाखेनिंगन या लहान गांवीं आहे. १८७६ सालीं सरकारी शेतकी शाळा, १९१८ सालीं उच्च विद्यालय व १९८६ सालीं विद्यापीठ अशी त्याची वाढ झाली. शेतकी विषयांत तें जगांतील अगदीं पहिल्या संस्थांमध्यें गणलें जातें. तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून इंग्रजींत असतो. वर्ष सप्टेंबरांत सुरू होतें.

परंतु सर्वांनीं वाखेनिंगनचाच ध्यास धरूं नये. व्यवहारी शिक्षणाचीं उच्च विद्यालयें निराळीं आहेत. फ्लेवोलंडमधील ड्रॉन्टन येथें, म्हणजे पूर्वींच्या समुद्रतळावर, असें एक आहे. डेन बॉस, लेउवार्डन व वेल्प येथें आणखी आहेत. तेथील मुलें शेतांत, गोठ्यांत व कारखान्यांत काम करून शिकतात. ज्यास परत येऊन स्वतः शेती करावयाची आहे त्यानें यांची चौकशी अवश्य करावी, व कोणता अभ्यासक्रम इंग्रजींत आहे हें लेखी विचारून घ्यावें. पदवीच्या पहिल्या पायरीवर इंग्रजीचें प्रमाण कमी करावें असा विचार तेथें अलीकडे बळावला आहे.

गुण दहापैकीं देतात व साडेपांचास उत्तीर्ण धरितात. दहा जवळजवळ कोणासच मिळत नाहींत; आठ मिळाले तरी उत्तम समजावें. येथें शेंकडा नव्वद मिळविलेल्या मुलानें सात पाहून खचूं नये, व बापानेंही पत्रांतून रागावूं नये. गुरूस नांवानें हांक मारण्याची व त्याचें म्हणणें तोंडावर खोडून काढण्याची तेथें मोकळीक असते. तो उद्धटपणा समजत नाहींत. उलट मुकाट्यानें मान डोलविणाऱ्यास कांहीं कळलें नाहीं असें धरून चालतात.

खर्च, परवाना व सावधगिरी

युरोपाबाहेरील विद्यार्थ्यास वाखेनिंगनची पदव्युत्तर फी वर्षास वीस हजार युरोंच्या वर पडते. राहण्या-जेवण्यासाठीं महिन्यास अकराशे युरोंच्या वर रक्कम जवळ असल्याचा पुरावा तेथील सरकार मागतें. दोन वर्षांचा एकूण हिशेब सत्तर लाख रुपयांच्या घरांत जातो. शिष्यवृत्त्या आहेत, पण थोड्या. मिळाली तर आनंद, परंतु तीवर विसंबून बेत करूं नये. चाळीस लाख कर्ज काढलें व व्याज शेंकडा दहा धरलें, तर वर्षाचें नुसतें व्याज चार लाख होतें. तेवढें निव्वळ उत्पन्न आपल्या किती एकरांतून निघतें, तें प्रत्येकानें आपल्या वहींत पाहावें.

पुष्कळ बँका शैक्षणिक कर्जास शेतजमीन तारण घेण्यास नाखूष असतात. मग घर किंवा बिनशेती जागा तारण देणें, नाहीं तर जमीन विकणें, असे मार्ग राहतात. येथें एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणें शेतकरी नसलेल्यास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. जो आपली सबंध जमीन विकून बसतो त्यास पुढें पैसा आला तरी ती परत घेणें बिकट होतें, व मुलाचाही हक्क अडचणींत येतो. सबब विकावयाचीच वेळ आली तर कांहीं क्षेत्र नांवावर राखावें. सर्व सातबारा कोरा करूं नये.

शिक्षणाच्या राहण्याच्या परवान्यासाठीं विद्यापीठच विद्यार्थ्याच्या वतीनें अर्ज करितें. तेथें पोंचल्यावर नगरपालिकेंत नोंद करून नागरिक-क्रमांक घ्यावा लागतो. त्यावांचून नोकरी मिळणें कठीण व बँकेचें खातें उघडणें अवघड. दरवर्षीं अभ्यासाचे निदान निम्मे गुणांक मिळविले पाहिजेत, नाहीं तर परवाना धोक्यांत येतो. काम करण्याची मुभा आठवड्यास १६ तास, किंवा जून ते ऑगस्ट पूर्ण वेळ. तेंही मालकानें परवाना काढला तर. या मिळकतींतून फी भागेल असें जो दलाल सांगतो तो फसवितो. पदवीनंतर नोकरी शोधण्यास एक वर्ष राहतां येतें.

सर्वांत मोठी अडचण खोलीची आहे. देशांत घरांची टंचाई असून खोली ठरल्याशिवाय येऊं नका असें विद्यापीठेंच बजावतात. खोली न पाहतां अनामत पाठविण्यास सांगणारा मनुष्य ठक समजावा.

कांचघरांत मजुरीस नेतों असें सांगून लाखों रुपये घेणारे लोक आपल्या तालुक्यांतूनही फिरतात. तीं कामें मुख्यतः पोलंड वगैरे युरोपीय संघांतील देशांचे लोक करितात; त्यांस परवाना लागत नाहीं. आपल्या मनुष्यास तसा परवाना सहसा मिळत नाहीं. पाहुण्याच्या परवान्यावर जाऊन काम करणें बेकायदेशीर आहे.

राहणी व फिरस्ती

जेवण साधें असतें. दुपारीं थंड पाव व चीज, रात्रीं एकदां ऊन अन्न. शाकाहाऱ्याची उपासमार होत नाहीं. हेग शहरांत सुरिनामकडून आलेले हिंदुस्थानी वंशाचे लोक पुष्कळ आहेत. त्यांचे पूर्वज १८७३ पासून वेठीच्या करारावर त्या वसाहतींत नेले गेले. १९७५ सालीं सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमारास पुष्कळ कुटुंबें इकडे आलीं. त्यांच्या दुकानांत डाळ, पीठ व मसाला मिळतो. वाहन म्हणजे सायकल. देशांत माणसांहून सायकली अधिक. भेटीची वेळ ठरविली कीं ती पाळावी. न सांगतां कोणाच्या घरीं जाण्याची रीत नाहीं.

नुसतें पाहावयास जाणाऱ्यास शेंगेन परवाना लागतो. त्यावर १८० दिवसांत ९० दिवस राहतां येतें. फुलांसाठीं एप्रिल महिना योग्य. लिसे येथील कॉकेनहोफ बाग १९५० पासून दरवर्षीं मार्चअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत सुमारें आठ आठवडे उघडी असते. आल्समेरचा लिलाव पाहण्यास पहांटेच जावें. किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या, लेमरचें उपसाकेंद्र व झाउडरझेचा बांध यांस प्रत्येकीं अर्धा दिवस द्यावा. शक्य तर एखाद्या पाणीमंडळाच्या कचेरींत जाऊन त्यांचा कर कसा बसवितात तें विचारावें. मुलांस दाखविण्यास चक्क्या बऱ्या, पण बागायतदारानें कराची पावती पाहून यावें. राज्याच्या कृषि खात्यामार्फत शेतकऱ्यांचे परदेश अभ्यासदौरे निघतात. त्याची चौकशी तालुका कृषि अधिकाऱ्याकडे होते.

जाण्यापूर्वीं

मुलास पाठविण्याआधीं बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रांत डच सहकार्यानें चालणारें भाजीपाल्याचें केंद्र आहे, तें त्यास दाखवून आणावें. एसटीच्या भाड्यांत त्याचा कल कळून येईल. मग त्यास तीन प्रश्न विचारावेत. नेमका कोणता विषय शिकणार? तो विषय येथें पुण्यास, राहुरीस किंवा अकोल्यास मिळत नाहीं काय? परत आल्यावर पहिल्या वर्षीं त्याचा उपयोग कोठें करणार? तिन्हींचें उत्तर त्यानें कागदावर लिहून दिलें तर त्याच्या पाठीशीं उभें राहावें. मुलीनें दिलें तर तिच्याही. नुसतें 'तिकडे शेती फार पुढारलेली आहे' एवढेंच उत्तर आलें तर एक वर्ष थांबावें. विद्यापीठ कोठें जात नाहीं.

तेथील कांच, यंत्र व बियाणें पैसे दिले कीं जहाजानें येतात. शेजाऱ्याशीं पाण्याचा हिशेब चोख ठेवणें, लिलाव उघड्यावर करणें, मंडळाचा कर वेळेवर भरून मग सभेंत हक्कानें बोलणें, या गोष्टी जहाजानें येत नाहींत. त्या पाहून, अंगीं बाणवून माणसासच आणाव्या लागतात. असा एक माणूस ज्या गांवीं परत येईल त्या गांवास त्याच्या शिक्षणाचा खर्च जड वाटणार नाहीं. ज्या सभासदांचीं मुलें या वर्षीं जाणार असतील त्यांनीं वरील हिशेब घरांत सर्वांसमक्ष, घरच्या बायामाणसांसही बसवून, मांडून पाहावा आणि मगच जमिनीच्या कागदास हात लावावा, एवढी विनंती आहे.